डोळे कोरडे का?

४ नोव्हेंबर, सोमवार

डोळे कोरडे म्हणे. माझे! दिवसभर पाणी गळतंय, ऑफिसात सगळे विचारतात रडलीस का, आणि इथल्या सी-स्कीम भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणतात कोरडे. कागदाची पट्टी पापणीत अडकवून ठेवली. जेमतेम टोक ओलं झालं. डोळा कोरडा पडला की चुरचुरतो, म्हणून वरवर पाणी येतं, पण ते टिकत नाही — असं त्यांनी समजावलं. लाली जायला मी मेडिकलमधून आणून घालत होते, त्या थेंबांनी त्रास वाढतच होता. आल्या आल्या कचऱ्यात टाकले.

आता नुसते ओलावा देणारे थेंब, प्रिझर्वेटिव्ह नसलेले. गरम पाण्यात पिळलेल्या कपड्याने शेक, पापण्यांच्या कडा साफ करायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर डोळ्यातलं पाणी वाहून जातं त्या छिद्रात इवलंसं बूच बसवतात. डोळ्यात बूच! सूज उतरवणारे औषधी थेंबही असतात, पण चौथा महिना सरत आलाय, म्हणून ते शक्यतो बाळंतपणानंतर.

निघता निघता विचारलं, "मुँह भी सूखता है क्या?" सुकतं. पाण्याशिवाय पोळीचा घास उतरत नाही. बाईंनी लगेच रक्ततपासणी लिहून दिली.

५ नोव्हेंबर

थेंबांनी बरं वाटतंय. निमिष म्हणतो, एवढ्याशासाठी बायकोचं रक्त कशाला काढायचं.

९ नोव्हेंबर, शनिवार

शोग्रेन म्हणून आजार असतो. शरीर आपल्याच अश्रूंच्या, लाळेच्या ग्रंथींवर उलटतं. तो मला आहे. रक्तात त्याच्या अँटिबॉडी निघाल्या — आणि त्या बाळापर्यंत जातात. संधिवाताचे डॉक्टर शांतपणे सांगत होते, बहुतेक बाळांना काही होत नाही, क्वचित एखाद्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

डोळ्यांसाठी गेले होते मी. फक्त डोळ्यांसाठी.

निमिष गाडीत येऊन बसला. किल्ली फिरवलीच नाही बराच वेळ.

१० नोव्हेंबर, रविवार

आईला साताऱ्याला फोन केला. धीर देईल वाटलं. तिला बाळाच्या ठोक्यांचं सांगितलं. मग म्हणाली, "माझ्या पहिल्याचंही हेच म्हणाले होते. ठोके फार हळू पडताहेत."

पहिल्याचं?

माझ्याआधी एक मुलगा होता. सातव्या महिन्यात पोटातच गेला. मला आज कळतंय. "सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात विळीवर बसलीस. बसले होते गं मी. भूक लागली होती."

मी म्हटलं, उद्या तूही याच अँटिबॉडींसाठी रक्त तपासून घे.

"आता या वयात कशाला?"

"माझ्यासाठी."

२० नोव्हेंबर

बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. ठोके नीट आहेत, आत्ता तरी. दर आठवड्याला बघत राहायचं. बाळाचा धोका कमी करणारी गोळी सुरू झाली. डोळ्यांत बुचंही बसवून घेतली. बसवलेलं कळलंसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर

आईचा रिपोर्ट आला. त्याच अँटिबॉडी. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्री देता येणार नाही, पण कारण हेच असावं. आईला लगेच फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने.

"म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं?"