भाग्यश्रीला दोनदा नाकारल्याबद्दल

कोथरूड, मंगळवार

चि. इंद्रजीत यास शैलाताईचे आशीर्वाद (वयाने मोठी आहे म्हणून द्यावे लागतात).

शेफाली बरी असेल. तुझी मान दुखते असं मावशी म्हणाली. दुखणारच, दिवसभर उमेदवारांसमोर नकारार्थी हलवायची म्हणजे थोडे कष्ट आहेत का! शेक घे. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

मी फार चिडले आहे, हे आधीच सांगते. आमच्या क्लासची भाग्यश्री तुला आठवत असेल. नसेलच. मांजरी गावाहून दोन बस बदलून येणारी, तू दोनदा परत पाठवलेली मुलगी. पहिल्यांदा ती आमचा फुलस्टॅकचा कोर्स करून तुझ्या कंपनीत मुलाखतीला आली होती. म्हणजे वेबसाइटचं दिसणारं पान, त्यामागचा सर्व्हर, डेटाबेस, सगळं चार महिन्यांत. (चार महिन्यांत आमच्या सोसायटीत लिफ्टमधला दिवासुद्धा बदलून होत नाही, पण क्लासचे मालक गोपाळकृष्ण सर यांनी पाटीवर तसं रंगवून घेतलंय.) तू तासभर खोदून खोदून विचारलंस आणि शेरा मारलास, सगळं वरवरचं आहे. मग मावशीच्या पंच्याहत्तरीला, हातात मसालेभाताची ताटली घेऊन मला ज्ञान दिलंस: "ताई, आता स्पेशालिस्टचा जमाना आहे. एकच काहीतरी धर आणि खोलात शिकव."

मी मूर्ख. ऐकलं. मी शिकवते ती पानाची दिसणारी बाजूच, त्यामुळे मला ते जरा जास्तच पटलं. आठ महिने त्या मुलीला दुसरं काही करू दिलं नाही. एक साधा फॉर्म तिने एकवीस वेळा लिहिला. मोबाइलवर, जुनाट कॉम्प्युटरवर, अगदी दृष्टी नसलेल्या माणसालाही भरता येईल असा. माझ्यापेक्षा चांगला लिहिला. आणि मागच्या सोमवारी तू तिला काय विचारलंस? सर्व्हर कसा उभा करायचा! तिने खरं सांगितलं, की ते आता हातातून गेलंय. तर शेरा काय, एकच येतं. टीम छोटी आहे, सगळं करणारं माणूस हवं. अरे, आठ महिन्यांत जमाना बदलला तर एक फोन करायचास! आणि तुला स्वतःला काय काय येतं रे? घरातला नळ गळला तरी शेफालीच माणूस शोधत फिरते.

तिचे वडील बापूराव क्लासवर आले होते. भला माणूस, आवाजही चढवला नाही. "मॅडम, पोरीला नेमकं येतंय तरी काय?" एवढंच विचारलं. मला रागाने रडू आलं. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही, तर मामाच्या ओळखीच्या बिल्डरच्या ऑफिसात तिला फोन उचलायला बसवणार आहेत. ती स्वतः रडली नाही. म्हणाली, "राहिलेलं बी शिकते मॅडम, पण आता कुणाला इचारून न्हाई." तेव्हा तिला तिसऱ्यांदा बोलाव. या वेळी तोंडी परीक्षा नको; एक काम दे आणि ती ते कसं करते ते गप्प बसून बघ. एवढंही जमणार नसेल, तर यंदा भाऊबीजेला आमच्याकडे येऊ नकोस.

तुझी (अजून तरी),
शैलाताई

ता. क. पोस्टाचं तिकीट आणण्यात महिना गेला. भाग्यश्रीला आता बोलावू नकोस. पानामागचा सगळा कारभार तिने एकटीने बसून पुन्हा शिकून घेतला आणि तिला नोकरी लागली. बापूराव पेढे देऊन गेले. तुला एकही ठेवला नाही.

ता. क. २. नोकरी आमच्याच क्लासमध्ये लागली. गोपाळकृष्ण सरांचं म्हणणं, एकटी मुलगी सगळं शिकवते आहे, तर नुसती पानं शिकवणाऱ्या शैलाबाई कशाला? येत्या शुक्रवारी अकरा वाजता तुझ्यासमोर मुलाखतीला मी बसणार आहे. भाग्यश्री रोज संध्याकाळी माझी तयारी करून घेते, पण सर्व्हरचं मला काही कळत नाही रे, कधीच कळलं नव्हतं. तेवढं सोडून काहीही विचार.