बाईंच्या प्रोजेक्टरची झीज

३ मार्च
आज नव्या कामावर रुजू झालो. जागा झकास आहे. वरच्या मजल्यावर माझी खोली, खिडकीतून थेट फाटक दिसतं, टेबलावर भरपूर उजेड. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलायला मऊ. आल्या आल्या म्हणाल्या, आधी हातपाय धुवा, यंत्र काही पळून जात नाही. काम एकच: घरगुती सिनेमा दाखवायचा जुना बोलका प्रोजेक्टर चालता ठेवायचा. तो शेजारच्या बैठकीत असतो. रोज दुपारी चारला पडदे ओढून बाई त्यावर आपल्या यजमानांची तीन मिनिटांची फिल्म बघतात. यजमान जाऊन तीस वर्षं झाली, पण एक दिवस चुकलेला नाही. लेकीला फोन केला. ती शाळेत शिकवते. म्हणाली, बाबा, तुमच्या जोडीचं म्हातारं यंत्र मिळालं एकदाचं! दोघंही खूप हसलो.

४ मार्च
यंत्र उघडलं. या जातीच्या यंत्रात मोटार टिकते, रबर दगा देतं. बेल्ट चिकट होऊन डांबरासारखा ओघळतो. फिल्म खाली ओढणारी नखी बोथट होते. आवाज वाचणाऱ्या हेडला फिल्म घासून घासून खाच पडते. इथे यातलं काहीच नाही. बेल्ट तर कालच बसवल्यासारखा. झिजलीय ती फिल्मच्या कडेची आवाजाची पट्टी. यजमान खुर्चीत बसून बोलतात, ओठ हलतात, ऐकू येते नुसती खरखर. बाईंनी विचारलं, आवाज परत येईल का हो? पट्टीवरून गेलेला आवाज कधी परत येत नसतो. पण त्यांचं तोंड बघवेना. बघतो म्हणालो.

९ मार्च
घसा बसलाय, धुळीने असेल. गंमत म्हणजे आज खरखरीतून दोन-तीन शब्द सुटे ऐकू आले. मी फक्त तेल दिलं होतं. बाईंनी माझे हात हातात घेतले. माझी बोटं हल्ली फार गुळगुळीत लागतात, स्क्रू निसटतो.

१४ मार्च
यजमान आज स्पष्ट बोलले. आधी खाकरायचं, मग दर वाक्याला "काय आहे ना" म्हणायचं, ही खोड माझी. आवाजही माझाच. बाईंना कसंबसं तसं सांगितलं. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, कुणाचा का असेना, बोलतायत ना!
नको हे काम. उद्या सकाळी निघतो.

१५ मार्च
निघण्याआधी लेकीला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. कोण आहे, नुसती खरखर येतेय, म्हणाली आणि ठेवून दिला.
डोकं फिरलं. सुरी घेऊन यंत्राचा बेल्ट कापायला गेलो. बेल्टवर ओरखडाही नाही — माझ्याच टाचेमागे काहीतरी तट्‌कन तुटलं. सरपटत खोलीत आलोय. पाय टेकवत नाही.

१८ मार्च
बाई दूध घेऊन आल्या. खुशीत होत्या. लेकीने काळजीने फोन केला होता, तर त्यांनी रिसीव्हर यंत्रापाशी धरला. फिल्म तीन मिनिटांची, पण अर्धा तास छान बोललात, म्हणाल्या. लेकीला रडू आलं म्हणे. परवा येतेय.
मी मान हलवत राहिलो — नको, नको —
बाईंनी माझं पांघरूण सारखं केलं. तुमच्या वयाचा आवाज दोन-चार महिने पुरतो हो, म्हणाल्या. आधीच्या मेकॅनिकचाही तेवढाच पुरला. तरुण आवाज जास्त टिकतो.

२० मार्च
पेन दोन्ही हातांत धरलंय. निसटतंय.
फाटकाशी गाडी थांबली. लेक. निळी पिशवी. वर बघून हात हलवतेय — काच ठोकली, वाजतच नाही —
चार वाजले नाहीत तरी यंत्र सुरू झालं. माझ्या आवाजात तिला हाक —
हे पान काचेला लावतो. येऊ नकोस एवढंच लिहायचंय. मोठ्या अक्षरांत —

वर ये