समोरच्या पाळण्यातलं वजन

गुरुजी,

तुमची पुण्यतिथी जवळ आलीय म्हणून आपल्या वर्गाच्या ग्रुपवर सगळे तुमच्या आठवणी टाकायलेत. कुणी लिहिलंय, गुरुजींनी हात धरून अक्षर वळवलं. कुणी लिहिलंय, गुरुजी म्हणजे दुसरे वडीलच. मलाही विचारलं, "पोत्या, तुजं काय? दोन शब्द लिही की." म्हणून लिहायला बसलोय. कुठं बसलोय तेही ऐका. परदेशातल्या एका शहरात, समुद्राच्या काठाला, लय मोठ्या रहाटपाळण्याच्या पायथ्याशी. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही मेल्यावरसुद्धा नकाशावर बोट ठेवायला लावाल. हा पाळणा म्हणजेच ह्या शहराची ओळख. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायचा तर पाळण्याच्या अलीकडं की पलीकडं, एवढंच सांगतात. मी इथं दोरीला लटकून उंच बिल्डिंगांच्या काचा पुसतो. काच पुसली की हा पाळणा समोर उभा असतो, आणि तो दिसला की तुम्ही आठवता. जेवण कडू होतं.

परभणीचा उरूस आठवतो का? सातवीचा वर्ग तुम्ही एसटीनं घेऊन गेला होतात. सोबत तुमच्या मंडळी होत्या, आम्ही त्यांना बाई म्हणायचो. पाळण्यात बसायची हौस त्यांची. दुपारचं ऊन, गर्दी नाही, पाळणा रिकामा. तुम्ही दोघं बसलात तसा पाळणेवाला चाचा म्हणाला, "मास्तरसाब, सामने भी वजन होना. एकीच तरफ बोजा हुआ तो झटके मारता ये." तो रेतीचं पोतं हुडकायला निघाला. तुम्ही त्याला थांबवलंत, सगळ्या वर्गावरून नजर फिरवलीत आणि माझ्यावर आणून ठेवलीत. "पोतं कशाला हुडकायलास? ह्याला बसीव. ह्याचा दुसरा काय उपयोग हाय?" पोरं हसली. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मी जाऊन बसलो.

पाळणा फिरायला लागतो. मी वर, तुम्ही खाली. वरून स्टेशन दिसतं, पिंगळीकडं निघालेली गाडी दिसते, तिच्या पुढं रूळ किती लांब पळतात तेही दिसतं. माझ्या पायाला भिंगरी लागली ती तिथंच लागली असावी, पण त्याचे आभार तुम्हाला मिळणार नाहीत. खाली तुमचं टक्कल चमकत होतं. त्यावर थुंकायचं मनात आलं, पण तोंड कोरडं पडलेलं. मग अर्ध्या उंचीवर आपण समोरासमोर आलो, आणि मी बघितलं. तुमचे डोळे गच्च मिटलेले. दोन्ही हातांनी बाईंचा दंड धरलेला. बाई ओरडून म्हणायलेल्या, "उघडा की डोळे, काय बी होत न्हाई." खालून पोरांना तुमच्या चपलांचे तळ तेवढे दिसत होते. उतरल्यावर तुम्ही शर्ट नीट केलात आणि म्हणालात, "पोत्यानं काम चोख केलं हां."

तिथून माझं नाव गेलं. हजेरी घेताना तुम्ही मान वर न करता विचारायचात, "पोतं आलंय का?" नववीत मी शाळा सोडली. आई तुमच्याकडं आली, त्याला समजावा म्हणाली, तर तुम्ही तिला म्हणालात, "राहू द्या माय, बाकाला आराम मिळंल." तुम्ही गेलात तेव्हा मी हैदराबादला एका हॉटेलात भांडी घासायलो होतो. गावाकडून फोन आला. मी हात पुसले, मालकाला सांगून बिर्याणी घेतली आणि पोटभर खाल्ली. नंतर राग आला, की माझा हिशेब बाकी ठेवून हा माणूस परस्पर गेलाच कसा.

आज सुट्टी होती. ठरवून पाळण्यात चढलो. सगळ्यात वर गेल्यावर तुमच्या नावानं खाली थुंकायचं, एवढंच काम. पण हा पाळणा म्हणजे काचेची बंद खोली, आत एसी. थुंकायला फट नाही. काचेच्या कोपऱ्यात पाण्याचे ओघळ तसेच राहिलेले. आमच्या मुकादमानं परत पुसायला लावली असती. असो. थुंकी गिळली आणि ठरवलं, आता सगळं ग्रुपवर लिहायचं, मिटलेल्या डोळ्यांसकट.

लिहून झालं. अंगठा बटणावर आहे. पण पाठवणार नाही. पोरं हसतील, आणि हसून झाल्यावर म्हणतील, गुरुजीबी माणूसच होते की. त्यांना तुमची दया येईल. ती तुम्हाला मिळू द्यायची नाही मला. तुमचे मिटलेले डोळे माझ्या एकट्याकडंच राहतील.

एक गोष्ट मात्र झाली, ती तुम्हालाच सांगतो. पाळणा वर पोचला तसे खोलीतले सगळे समुद्राच्या बाजूला पळाले, फोन काढून काचेला चिकटले. कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईनं मला हात केला, "भैया, इधर आओ, इधर से दिखता." एवढं मोठं धूड आमच्या वजनानं केसभरही हललं नसतं, हे मला कळत होतं. तरी मी उठलो, रिकाम्या बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसलो, आणि खाली येईपर्यंत तिथून हललो नाही.