खणात राहिलेला कागद

ग्रँड आयलंड, नेब्रास्का
४ फेब्रुवारी १९८६

ती. मिलाताईस लेलँडचा सा. न. वि. वि.

खसखस भरलेले तुझे कोलाचे पाव पोचले. चार मी खाल्ले, दोन व्हर्नाला दिले. बावीस वर्षं माझी पत्रं टाइप करते आहे, तेवढा हक्क तिचा आहेच.

सध्या इडा ब्रॅननचा खटला हातात आहे. बाई एकोणीस वर्षं शाळेच्या मुलांची बस चालवते. गेल्या हिवाळ्यात बर्फावर बस घसरून एका मोटारीवर आदळली. मुलं सुखरूप, पण मोटारवाल्याचा पाय कायमचा अधू झाला. तिने वेळेवर ब्रेक दाबला होता, हे ओमाहाचा एक तज्ज्ञ मोजमापं दाखवून सांगणार आहे. सारी भिस्त त्याच्यावर. हरलो, तर नुकसानभरपाई विम्यात मावणार नाही आणि तिचं घर जाईल. चौतीस वर्षं मी प्रतिवादीच्या बाकावर बसतोय. लोकांना वाटतं, हा विमा कंपनीचा माणूस. पण समन्स हातात घेऊन थरथरणारं माणूस माझ्याच शेजारी येऊन बसतं, हे कोणाला दिसत नाही.

एक गंमत. सोमवारी कोर्टात उभा राहिलो आणि इडाचं नावच आठवेना. 'माझ्या अशील' म्हणत वेळ मारून नेली. वय झालं गं!

माया आहे तशीच ठेव.
तुझा
लेलँड


विल्बर, नेब्रास्का
९ फेब्रुवारी

चि. लेलँडास अनेक आशीर्वाद.

तुझं चार तारखेचं पत्र गुरुवारी मिळालं. शनिवारी दुसरं आलं, सहा तारखेचं. त्यातही कोलाचे पोचले, त्यातही चार तू खाल्लेस, त्यातही सोमवारची तीच गंमत. पहिलं पत्र लिहिल्याचा उल्लेख कुठेच नाही.

आधी मी हसले. म्हटलं, वकिलांना एकच मुद्दा दोनदा मांडायची सवयच असते. मग दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि बाबा आठवले. बाबांचं शेवटचं वर्ष तू पाहिलं नाहीस, तेव्हा तुझी प्रॅक्टिस नुकती सुरू झाली होती. रोज सकाळी ते मला अदबीने विचारायचे, बाई, आपण कोणाकडच्या?

डॉक्टरांकडे जा. मी रागावलेली नाही, घाबरले आहे.

तुझी
मिलाताई


ग्रँड आयलंड
१३ फेब्रुवारी

ती. मिलाताईस सा. न.

तुझं पत्र वाचून संतापलो. फाडणारच होतो. पण मंगळवारी जे झालं त्यानंतर संताप कुठल्या तोंडाने करू?

तज्ज्ञाचं नाव कोर्टात कळवायची मुदत एकतीस जानेवारीला संपली. ते कळवलंच गेलं नाही. समोरचे वकील रेक्स ड्युमाँट यांनी हरकत घेतली आहे की आता त्याची साक्ष होऊ देऊ नये. मी छातीठोकपणे म्हणालो, मी कागद पाठवला होता. व्हर्नाने माझा खण उघडला. साक्षीदारांची यादी तिथेच होती. खाली माझी सही. ताई, अकरा दिवस ती तिथे पडून होती आणि ती सही केल्याचं मला आजही आठवत नाही.

माझा भागीदार प्रेल म्हणतो, टायपिस्टच्या हातून राहिलं असं सांगून टाक, न्यायाधीश फार ताणणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे व्हर्ना स्वतःच म्हणाली, माझं नाव घ्या साहेब, मला या वयात कोण काय करणार आहे? आणि मला हायसं वाटलं! त्या हायसं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

सुनावणी एकोणीसला आहे. काय करू?

तुझा
लेलँड


विल्बर
१५ फेब्रुवारी

चि. लेलँडास आशीर्वाद.

व्हर्ना आपणहून म्हणते आहे, तर म्हणू दे. तुला हे भित्रेपणाचं वाटेल, वाटू दे. एकदा कोर्टात बोललास की पेपरात येईल, आणि मग चौतीस वर्षांतला तुझा प्रत्येक खटला लोक उकरून काढतील. बाबांना गाव कसं हसायचं ते मी पाहिलंय. हा खटला दुसऱ्याला दे आणि गुपचूप निवृत्त हो.

मला तुझ्यावाचून दुसरं कोणी नाही, एवढंच ध्यानात असू दे.

मिलाताई


ग्रँड आयलंड
२५ एप्रिल

ती. मिलाताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही हे तुला फोनवर कळलंच. पण तेव्हा मला नीट सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

सुनावणीच्या दिवशी टेबल धरून उभा राहिलो. प्रेल मागून कोट ओढत होता. मी न्यायाधीशांना म्हणालो, चूक टायपिस्टची नाही, माझी आहे. कागदावर सही माझी आहे आणि ती मला आठवत नाही. माझ्या डोक्यात काहीतरी बिघडतंय, त्याची शिक्षा माझ्या अशिलाला देऊ नका. खटला मी आजपासून सोडतो. इडा माझ्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो रास्त होता.

ड्युमाँट उठले. वीस वर्षांत या माणसाने मला एक स्वल्पविरामही सोडलेला नाही. म्हणाले, तज्ज्ञाच्या उलटतपासणीची तयारी करायला तीन आठवडे द्या, माझी हरकत मागे घेतो. न्यायाधीशांनी दिले.

पुढे खटला आमच्या ऑफिसातल्या वकील नेओमीने चालवला, माझ्यापेक्षा बरा. काल निकाल लागला. इडाच्या बाजूने, घर वाचलं. मी मागच्या बाकावर होतो. निकाल वाचून होताच सवयीने उठलो आणि ज्युरींचे आभार मानू लागलो. अर्ध्या वाक्यात कळलं, आपण इथे कोणी नाही. नेओमी बोलायला उठली होती, ती शांतपणे खाली बसली. न्यायाधीशांनीही थांबवलं नाही. मी वाक्य पुरं केलं.

डॉक्टरांचा अहवाल आला आहे. पाकीट टेबलावर आहे. जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं फोडली, हे एक माझ्याने उघडवत नाही. येत्या शुक्रवारच्या बसने ये. आपण दोघं मिळून वाचू.

तुझा धाकटा
लेलँड