पाणी जातं कुठे?

४ मार्च, सोमवार

पुन्हा उकळली! ताफोच्या चौकात, भर गर्दीत, बॉनेटखालून वाफच वाफ. ट्रोट्रो मिनीबसवाले खिडकीतून डोकी काढून ओरडतात — "मास्टर, चहा झाला का?" एकतीस वर्षं कुमासीत इंजिनं उघडतोय मी, आणि माझ्याच गाडीत चहा!

सेरवाला रक्त धुवायच्या मशीनवर पोचवायला दीड तास उशीर. नर्स म्हणाली, "पापा, खुर्ची दुसऱ्याला दिली." आठवड्यात सोमवार-गुरुवार दोनच तर दिवस मिळतात. बायकोचा जीव त्या मशीनवर, आणि मशीनपर्यंतचा रस्ता या खटाऱ्यावर.

५ मार्च

रेडिएटरचा वरचा रबरी होज बदलला. कुजलेला होताच. संपलं.

७ मार्च, गुरुवार

कसलं संपलं! अर्ध्या वाटेत काटा लाल. होज कोरडा, गाडीखाली थेंब नाही, आणि पाणी तीन बाटल्या कमी. टॅक्सी करतो म्हटलं तर सेरवा — "टॅक्सीत मला ओकारी येते. घरी चल." घरी चल! पाय सुजून भोपळे झालेत, आणि म्हणे घरी चल. भर रस्त्यात ओरडलो तिच्यावर. कोंबलीच टॅक्सीत. मशीनचे शेवटचे दोन तास तेवढे मिळाले.

८ मार्च

शेजारच्या शेडमधला ओदुरो आला, फुकटचा वैद्य. "अंडं फोडून टाक रेडिएटरमध्ये, भोक बुजेल." आम्ही फिटर लोक गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. अंडं टाका, आल्याची पूड टाका. आपल्या उन्हात थर्मोस्टॅट हवा कशाला, काढून फेका! कूलंट कशाला, नळाला पाणी आहे की! माझ्या गाडीतही मी तेच केलं. आत गंज चढलाय नुसता. भोगा आता.

तरी अंडं टाकलं. लिहितानाही लाज वाटते.

१० मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. रेडिएटर उतरवला — अंड्याची काय ती घाण! — धुतला, दोन जागी डाग दिला. वॉटर पंप नवा टाकला. नवा म्हणजे जहाजातून आलेला, कुणाचा तरी जुना. मग झाकणाच्या जागी हातपंप लावून हवा भरली. पंपाचा काटा तासभर हलला नाही, म्हणजे गळती नाही.

सेरवा दारात स्टुलावर बसून बघत होती. "किती खटपट करशील, येबोआ?" "तू आहेस तोवर," म्हटलं. रागातच म्हटलं.

११ मार्च, सोमवार

उकळली. आज ताफोपर्यंतही गेली नाही. शिव्या देऊन घसा बसला. बंपरला लाथ मारली, अंगठ्याचं नख गेलं. मशीन चुकलंच.

संध्याकाळी मामपोंगहून तिच्या भावाचा फोन. "आमचं माणूस आमच्याकडे पाठवा." आमचं माणूस! छत्तीस वर्षं माझ्या घरात रोजच्या जेवणाचं फुफू कांडतेय, आणि आमच्यात बायको शेवटपर्यंत माहेरच्या घराण्याची! "मेल्यावर न्या," म्हटलं आणि फोन आपटला.

सेरवा मागेच उभी होती.

१३ मार्च

तेल स्वच्छ. धूर पांढरा नाही. म्हणजे हेड गॅस्केटही शाबूत, पाणी इंजिनात शिरत नाही. मग पाणी जातं कुठे?

१४ मार्च, गुरुवार

सकाळी नेहमीसारखं पाणी भरलं, झाकण आवळलं, बॉनेट उघडं ठेवून हात धुवायला मागे गेलो. साबण संपलेला. परत फिरलो.

सेरवा बॉनेटपाशी वाकलेली. एका हाताने गाडीला धरलेलं, दुसऱ्या हाताने झाकण सैल करत होती. थोडंसंच, जागेवरून निघणार नाही इतकं. मग दाब धरत नाही, पाणी वाफ होऊन उडून जातं, खाली थेंब पडत नाही. फिटरची बायको ना! मी सगळं इंजिन पालथं घातलं. पण स्वतःच्या हाताने आवळलेल्या झाकणावर कुठला फिटर संशय घेतो?

"का?" एवढंच तोंडातून निघालं.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" धापा टाकत म्हणाली. "तिथून आले की दोन दिवस मला माझे हातपाय माझे वाटत नाहीत. पुरे झालं. मला माहेरी गाडीत बसून जायचंय, येबोआ. पेटीतून नाही."

मी झाकण आवळलं. तिला मशीनवर नेलं. गाडी नीट गेली. तिचा इतका राग आला, इतका! आणि त्याहून जास्त माझा. दहा दिवस गाडीला विचारत होतो काय दुखतंय म्हणून, तिला एकदा विचारलं नाही.

१८ मार्च, सोमवार

तिच्या कपड्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. फाटकातून उजवीकडे हॉस्पिटल, डावीकडे मामपोंग. डावीकडे वळलो. ती हसली. सगळा घाट चढली गाडी, पाणी थेंबभर कमी झालं नाही. आज तरी उकळायची होती!