भोंग्याला माझ्या घरात जागा नाही

मी, खाली सही करणारी, मोठ्या इस्पितळाच्या पुरुष कक्षातून निवृत्त झालेली परिचारिका, अविवाहित, हे शेवटचे इच्छापत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. जो घालायला आला होता त्याला दारातूनच परत पाठवले. आधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि पोस्टातली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्यावी. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. बोलताना अडखळते. लहान असताना बापाने तिला चर्चमध्ये साक्ष द्यायला माइकपुढे उभे केले, तेव्हा पोरीला सगळ्यांदेखत उलटी झाली. बाप म्हणाला, हे सैतानाचे काम. मी तिचे तोंड धुतले.

२. धाकट्या भावाला या घरातला खिळासुद्धा देऊ नये. मंडळीत त्याला सगळे भोंगा म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान आहे. पुढच्या खोलीत प्रार्थनागृह काढायचा त्याचा बेत आहे. कारण लिहून ठेवा, म्हणजे नंतर तंटा होणार नाही, असे वकील म्हणाले. म्हणून लिहिते.

त्याने मला सुवार्ता सांगायच्या वर्गाला बसवले होते. हसायचे, समोरच्याचा हात धरायचा आणि विचारायचे, आज रात्री मेलात तर कुठे जाल? माझ्या कक्षात रात्री माणसे खरोखरच मरत. घशाला नळी लावलेल्या माणसाला मी हे हसून विचारायचे? मला शिसारी आली. मी उठून घरी आले ते पुन्हा गेले नाही.

माझा स्वभाव भांडकुदळ. प्रभूने मला जीभच तशी दिली. गोड बोलायला गेले की माझे मलाच खोटे वाटते. शेजारचा शिंपी देव मानत नाही. संध्याकाळी मशीन बंद करून तो ओट्यावर येई आणि आम्ही देवावरून कडाकडा भांडत असू. त्याला उत्तर देता यावे म्हणून मी पवित्र शास्त्र जेवढे वाचले, तेवढे कुठल्या पाळकाच्या सांगण्यावरून वाचले नाही. माझी साक्ष द्यायची रीत ही एवढीच.

मागच्या वर्षी शिंप्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. मी औषध आणायला गेले असताना भोंगा चार गाणारे आणि कॅमेरा घेऊन त्याच्या खाटेपाशी आला. रविवारी चर्चच्या फळ्यावर फोटो लागला. नास्तिक शिंपी हात वर करून प्रभूकडे वळला, असे खाली लिहिलेले. वर केलेला हात उजवा होता.

मी उपासनेत उभी राहिले आणि म्हणाले, "हा हात त्याला स्वतःला उचलता येत नाही. मनगट ज्याने धरलंय त्याची अंगठी नीट बघा."

अंगठी भावाची होती. तो म्हणाला, "ताई, एक आत्मा वाचला, ते बघ की."

जन्मभर मी पू पुसला, सडलेल्या जखमा धुतल्या, कधी तोंड फिरवले नाही. त्या दिवशी मात्र फिरवले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. भाची तेवढी माझ्या मागून आली.

त्याच संध्याकाळपासून ती कामावरून सुटली की शिंप्याकडे जाऊ लागली. त्याची नखे कापायची, कोमट पाण्यात एकेक बोट हलवून द्यायची. तोंडातून शब्द नाही. वाचा परत आल्यावर शिंप्याने मला पहिली गोष्ट विचारली ती अशी:

"सिस्टर, मी हो म्हणालो होतो का?"

"नाही."

तो रडला. मग म्हणाला, "ती पोरगी काहीच सांगत नाही. पण ती उठून गेली की तुमच्या पुस्तकातलं काहीतरी विचारावंसं वाटतं."

आमची भांडणे पुन्हा सुरू झाली. त्याचा विश्वास अजून बसलेला नाही आणि तो बसवणे माझ्या हातात नाही.

३. माझी कात्री, चिमटे आणि थर्मामीटर कक्षातल्या नव्या मुलींना द्यावेत. कात्री बोथट झाली म्हणून फेकू नये.

४. माझ्या दफनाच्या वेळी भाषण नको. शवपेटीपाशी आलेल्या माणसांना कोणी काही विचारू नये. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, ज्याला गप्प बसायचे त्याने बसावे. भोंग्याने यावे. भाऊ आहे. रिकाम्या हाताने यावे.

५. शिंप्याला मी काहीही ठेवलेले नाही. इच्छापत्रातून ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, असे वकील सांगतात. मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. हा कायदा चर्चमधल्या साक्षीलाही लावायला हवा होता.

ठिकाण: माझी पुढची खोली. फेब्रुवारीची सात तारीख, सोमवार.

(सही) निवृत्त परिचारिका

साक्षीदार पहिले: कक्षाचे डॉक्टर. बाईंची प्रकृती तपासली. शुद्धीवर आहेत, रागातही आहेत. (सही)

साक्षीदार दुसरे: शेजारचा शिंपी. डाव्या हाताने सही करतो. सिस्टरांनी देवाबद्दल लिहिलेले मला पटलेले नाही. बाकी सगळे खरे आहे. चर्चमधले मला सांगितले गेले, खाटेपाशी मी होतो. (सही)