धुतलेलं मांस

नारिन गावाच्या वरच्या डोंगरातून, जानेवारी

आई,

मी ठीक आहे, आधी हे वाच. तुझा गुडघा कसा आहे? इथे रेंज नाही, म्हणून चिठ्ठी ट्रकवाल्याकडे देतोय.

मामाने मला पहिल्यांदाच दिवसभराच्या शिकारीचं सामान भरायला दिलं. मी जाम एक्सायटेड! हातमोजा, गरुडाचे डोळे झाकायची टोपी, दोर, थर्मास, खायला कुरुतचे सुके गोळे, सगळं भरलं. आदल्या संध्याकाळी मामाच्या गरुडाच्या मादीला भरवलंही मीच.

निघताना मामा म्हणाला, "काय साहेब, तिचं मांस धुतलं होतंस ना?"

"हो मामा!"

मी नुसतं बादलीत बुडवून काढलं होतं गं. इथे धुणं म्हणजे मांस रात्रभर पाण्यात ठेवायचं, रक्त जाऊन पांढरं होईपर्यंत. ते खाऊन गरुड भुकेला राहतो, म्हणून हातावर परत येतो. आमच्या मादीचं पोट मात्र भरलेलं होतं. सोडल्यावर ती सरळ डोंगरापलीकडे गेली.

"तू घोडे धर, मी आणतो तिला," म्हणून मामा एकटाच चढला. थोड्या वेळाने वर बर्फ घसरल्याचा आवाज आला.

परवाची गोष्ट ही. काल गावातले सगळे शोधून आले, मामा सापडला नाही. आज मीही जातोय. काळजी करू नकोस, मामाला डोंगर पाठ आहे.

आज पिशवी मामीने भरली. तळाशी माणसाच्या लांबीचं नवं पांढरं कापड होतं. मी ते काढलं आणि मामाचे कोरडे मोजे ठेवले.

तू येशील का? मामी म्हणत नाहीये, मी म्हणतोय.

तुझा,
तिलेक